पुण्याच्या परिसरातील गडवाटा आणि द्रव्यपरिचय

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात वनात वावरणारे शेळीपालक, मेंढपाळ, गुराखी व इतर वनवासी यांचा आवर्जून उल्लेख केला आहे. ही माणसे वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात, असे ते सांगतात. केवळ नाव-रूप जाणल्याने औषधाचे संपूर्ण ज्ञान होत नाही, त्याचा योगही जाणावा लागतो, हेही ते लगेच स्पष्ट करतात. आज आपल्या व्यवसायाची स्थिती नेमकी उलटी झाली आहे. योग आपणांस मुखोद्गत असतात. परंतु नाव-रूपाचा परिचय पदवी अभ्यासक्रमातील द्रव्यगुणाच्या वर्षापुरता उरला आहे. प्रस्तुत लेखात पुणे शहरापासून एका दिवसात जाऊन येता येतील अशा काही डोंगरवाटांचा परिचय, वैद्य आणि फार्मसीचालक यांना त्यांचा कसा उपयोग होईल या दृष्टीने करून दिला आहे.

या विषयाकडे वळण्यास माझी स्वतःची एक चूक कारणीभूत ठरली. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत प्रवाहिकेच्या एका रुग्णास मी कुटजत्वक् क्वाथ देत होतो. निदान योग्य होते, पथ्य पाळले जात होते, तरीही पंधरा दिवसांत अपेक्षित उपशय मिळाला नाही. मी मात्रा वाढवली, अनुपान बदलले. शेवटी एका ज्येष्ठ वैद्यांना विचारले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला : "साल कोणत्या झाडाची आहे, ते पाहिलेत का?" मी पाहिले नव्हते. घाऊक बाजारातून आलेले पोते तसेच वापरात घेतले होते. त्यांनी सालीचा तुकडा जिभेवर ठेवला आणि मलाही ठेवावयास सांगितला. कुटजाचा तीव्र तिक्त रस त्यात नव्हताच. पुढच्या रविवारी ते मला सिंहगडाच्या वाटेवर घेऊन गेले. त्या दिवशी जे शिकलो, ते आधीच्या कोणत्याही परीक्षेसाठी शिकलो नव्हतो.

देशविचार : पुण्याचे वैशिष्ट्य

जांगल, आनूप आणि साधारण हे देशाचे तीन प्रकार आपण पाठ केलेले असतात. चरकाच्या कल्पस्थानाचा पहिला अध्याय आणि सुश्रुताच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्याय यांत औषधिग्रहणासाठी भूमीचा विचार सविस्तर आला आहे. हे तीन देश प्रत्यक्ष पाहावयाचे असतील तर पुण्यासारखे स्थान क्वचितच सापडेल. शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिमेस अवघ्या ६५ किलोमीटरवर असलेल्या लोणावळ्यास तो ४००० मिलिमीटरच्याही पुढे जातो. सह्याद्रीचा माथा ढग अडवतो आणि त्याच्या पूर्वेस पर्जन्यछाया पडते. म्हणूनच लोकल गाडीच्या दीड तासाच्या प्रवासात काटेरी, विरळ झाडीपासून सदाहरित अरण्याच्या सीमेपर्यंतचा बदल पाहावयास मिळतो. एकच वनस्पती दोन्ही टोकांना असली तरी तिची उंची, सालीची जाडी आणि पानांचा आकार वेगळा असतो, हे प्रत्यक्ष पाहिले की देशविचार केवळ श्लोकापुरता राहत नाही.

१. वेताळ टेकडी (जांगल देशाचे उदाहरण)

ज्यांना मोठा चढ झेपत नाही त्यांनी येथून आरंभ करावा. ही शहरातील सर्वांत उंच टेकडी असून सकाळच्या दीड-दोन तासांत निवांत फेरी होते. लागवडीत आणलेली गिरिपुष्पाची झाडे पुष्कळ असली तरी मूळची शुष्क पानझडी वनस्पती अद्याप टिकून आहे. सालई (शल्लकी), गणेर, हिवर, पळस, मेढशिंगी आणि काळा कुडा ही येथे पाहण्यासारखी झाडे होत.

यांपैकी मेढशिंगीपाशी अवश्य थांबावे. मराठीत या वृक्षास मेढशिंगी म्हणतात, कारण त्याची शेंग मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली असते. ग्रंथोक्त मेषशृंगी म्हणून मात्र आपण प्रायः मधुनाशिनी ही वेल घेतो. प्रमेहासाठी मेषशृंगीची मागणी नोंदवताना केवळ लोकनाम लिहिले, तर वेलीऐवजी वृक्षाचे द्रव्य येऊ शकते. फार्मसीच्या खरेदीपत्रकात संस्कृत नाम, स्थानिक नाम आणि वनस्पतिशास्त्रीय नाम ही तिन्ही का असावीत, हे येथे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२. सिंहगड (आतकरवाडीची वाट)

पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किलोमीटरवरील सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३१२ मीटर उंच आहे. आतकरवाडीपासून पायवाटेने सुमारे ६०० मीटर चढावे लागते. सवयीच्या माणसास सव्वा तास, नवख्यास दोन तास पुरतात. गाडीरस्ता असला तरी आपल्या दृष्टीने पायवाटच उपयोगाची. चढता चढता उंचीनुसार झाडी बदलत जाते.

शिशिर व वसंतात या उतारांवर धायटीची झुडपे लाल फुलांनी भरलेली दिसतात. आसवारिष्टांच्या संधानात धातकीपुष्पाचे महत्त्व आपण जाणतोच. या फुलांसोबत येणारे किण्व संधानक्रियेस चालना देते. ताजे फूल कसे दिसते हे एकदा पाहून ठेवले, तर बाजारातून येणाऱ्या धायटीत देठ, पाने आणि जुनाट, काळपट फुले किती मिसळली आहेत याचा अंदाज येतो. संधान बिघडले की आपण गुळास किंवा भांड्यास दोष देतो. दोष पुष्कळदा फुलाच्या पोत्यात असतो.

याच वाटेवर गेळ, म्हणजे मदनफल, काटेरी झुडपाच्या रूपात भेटते. वमनासाठी मदनफल केव्हा घ्यावे याचे चरकाने केलेले वर्णन अत्यंत नेमके आहे : वसंत व ग्रीष्म यांच्या संधिकाली, पक्व, हिरवेपणा गेलेले, किडीने न खाल्लेले फळ घ्यावे. ज्याने ही फळे झाडावर हिरव्यापासून पिवळसर होताना पाहिली आहेत, त्याला बाजारातील अपक्व, सुरकुतलेले फळ वेगळे ओळखता येते. वमनाचा वेग अपुरा येण्याचे एक कारण अशा फळात असू शकते.

कुडा : पांढरा की काळा?

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळू. कुटज म्हणून जे द्रव्य अभिप्रेत आहे, तो पांढरा कुडा, अर्थात होलॅऱ्हिना प्युबेसेन्स. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोन्हींस वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास पांढरी फुले येतात, दोन्हींत चीक असतो, दोन्हींस लांब शेंगांच्या जोड्या लागतात. घोटाळा होणे स्वाभाविक आहे. चरकानेही वत्सककल्पात कुटजाचे पुं व स्त्री असे दोन भेद फूल, फळ व पान यांच्या आधारे सांगितले आहेत. प्रत्यक्ष क्षेत्रात पुढील लक्षणे उपयोगी पडतात.

शेंगा : पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या शेंगा कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या असतात व पिकताना सुटतात.

फूल : पांढऱ्या कुड्याचे पुंकेसर फुलाच्या नळीत दडलेले असतात. काळ्या कुड्यात ते बाहेर शंकूसारखे आलेले दिसतात आणि पाकळ्यांच्या मुळाशी झालरीसारखे तंतू असतात.

पान : काळ्या कुड्याचे पान चुरगळून वाळू दिले की निळसर-काळे पडते. या झाडापासून पूर्वी निळीसारखा रंग काढीत असत.

बीज : पांढऱ्या कुड्याचे बी म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याचे ते गोड इंद्रजव. बीवरील केसांचा झुबका पांढऱ्यात अग्रभागी, तर काळ्यात बुडाशी असतो.

साल पोत्यात आली की ही सर्व लक्षणे नाहीशी होतात. उरतो केवळ रस. कुटजत्वचेतील कोनेसीन आदी क्षाराभांमुळे तिचा तिक्त रस अतिशय तीव्र असतो. म्हणून पोते उघडताच साल चाखण्याची सवय लावून घ्यावी. शंका आल्यास सूक्ष्मदर्शक परीक्षण करून घ्यावे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था या दोन ठिकाणी वनस्पतींच्या ओळखीचे काम दीर्घकाळ चालत आले आहे. लहान फार्मसीनेही अशा परीक्षणास अनाठायी खर्च मानू नये.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. काळा कुडा निरुपयोगी नव्हे. त्याच्या पानांचे सिद्ध तैल त्वग्विकारांत, विशेषतः किटिभसदृश अवस्थेत, अनेक वैद्य वापरतात. दोष त्या झाडाचा नाही. एकाच्या जागी दुसरे, तेही न सांगता, देण्याचा आहे.

३. कात्रज ते सिंहगड

जुन्या कात्रज बोगद्यापासून निघून एकामागून एक टेकड्या ओलांडीत सिंहगडाच्या रस्त्यास मिळणारी ही वाट तरुण मंडळींत लोकप्रिय आहे. पुष्कळ जण ती चांदण्या रात्री करतात. आपल्या अभ्यासासाठी मात्र दिवसाचीच वेळ योग्य. वाटेत सावली अल्प आणि पाणी जवळपास नाही. त्यामुळे ग्रीष्म व शरदातील दुपार टाळावी. वर्षा ऋतूच्या उत्तरार्धात या माथ्यांवर कंदवर्गाचा उत्तम अभ्यास होतो. जमिनीलगत पिवळे फूल धरणारी काळी मुसळी, पांढऱ्या फुलांचे तुरे असलेले मुसळीवर्गीय क्षुप, रानहळद आणि अग्निज्वालेसारख्या फुलांची कळलावी ही सर्व तेव्हाच ओळखता येतात. कळलावी, म्हणजे लांगली, हे उपविष आहे. कोल्चिसीनमुळे तिचा कंद प्राणघातक ठरू शकतो. विद्यार्थी सोबत असल्यास हे आधीच बजावून सांगावे.

येथेच एक व्यावहारिक अडचण ध्यानात येते. मूळ ग्रीष्मात वा शिशिरात घ्यावे, पाने वर्षा व वसंतात, त्वचा, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात आणि पुष्प-फल आपापल्या ऋतूत, असा चरकाचा संकेत आहे. परंतु मूळ घेण्याच्या काळी पुष्कळ वनस्पतींची पाने व फुले गळून गेलेली असतात आणि तेव्हाच चुकीचे द्रव्य खणले जाते. अनुभवी संग्राहक वर्षा ऋतूत फुलावर असतानाच जागा हेरून ठेवतो आणि योग्य काळी तेथे परततो. आपणही एकच वाट वर्षातून निदान तीन वेळा चालावी. दहा वेगवेगळ्या गडांची एकेक फेरी करण्यापेक्षा एका वाटेच्या तीन ऋतूंतील तीन फेऱ्या अधिक शिकवतात.

४. राजगड (गुंजवणे व पाली)

शिवछत्रपतींची रायगडापूर्वीची ही राजधानी पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटर आहे. गुंजवण्याची वाट चोरदरवाज्याने पद्मावती माचीवर नेते. ती उभी आहे आणि शेवटच्या टप्प्यात हातांचाही आधार घ्यावा लागतो. पाली दरवाज्याची वाट तुलनेने सोपी, पायऱ्यांची आहे. चढाईस दोन ते तीन तास धरावेत. पायथ्याच्या मिश्र झाडीत हिरडा, बेहडा, पांढरा कुडा, करवंद, शिकेकाई यांची पाहणी होते. शरदाच्या अखेरीपासून खाजकुइरीच्या, म्हणजे कपिकच्छूच्या, शेंगा धरतात. त्यांवरील रोम वाऱ्यानेही अंगावर उडतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

या परिसरात, तसेच मुळशीकडे, काही गावांनी देवराया राखल्या आहेत. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व विद्वज्जनांपुढे मांडले. बाहेर ज्यांची साल ओरबाडली गेली ती झाडे देवराईत पूर्ण वाढलेली पाहावयास मिळतात. तेथून पानही तोडू नये. केवळ पाहावे, आणि वृक्ष पूर्ण वयात कसा दिसतो ते मनात साठवावे.

५. लोहगड व विसापूर

पुणे-लोणावळा लोकलने मळवली येथे उतरून भाजे गावातून लोहगडवाडीस चालत जाता येते. वाटेजवळ इसवी सनापूर्वीच्या भाजे लेण्या आहेत. लोहगडास पायऱ्या असून कुटुंबासह जाण्यास तो सोयीचा आहे. शेजारचा विसापूर थोडा अवघड, पावसात त्याची वाट ओढ्यातूनच जाते. युनेस्कोने २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्या बारा किल्ल्यांत लोहगड आणि राजगड या दोहोंचा समावेश आहे. त्यामुळे येथील शिस्त अधिक काटेकोरपणे पाळावी.

येथे भूमी आनूपाकडे झुकते. कारवीची दाट झाडी, भारंगी, अंजनी, जांभूळ अशी वनस्पती दिसते. वेताळ टेकडीवरून आठ दिवसांच्या आत येथे यावे, म्हणजे दोन देशांतील भेद स्मरणात ताजा राहतो.

६. भीमाशंकर

पुण्यापासून सुमारे ११० किलोमीटरवरील हे ज्योतिर्लिंग सदाहरित अरण्यात वसले आहे. १९८५ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. राज्यप्राणी शेकरू येथे सहज दिसतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी समाजासाठी हिरडा हे उपजीविकेचे मोठे साधन आहे. बाळहिरडा हे याच झाडाचे अपक्व फळ होय. रेचनासाठी त्याची मागणी असली, तरी त्रिफळेत पक्व हरीतकीच अभिप्रेत आहे. सर्व फळे कोवळेपणीच उतरवली तर पक्व हरीतकी कोठून येणार आणि नवीन रोप कोठून उगवणार, याचा विचार खरेदीदारानेही केला पाहिजे. पक्व फळास योग्य मोबदला मिळाला तर संग्राहक ते झाडावर राहू देईल.

घाटमाथ्यावरील नरक्या या झाडाची कथा आपणांस इशारा ठरावी. कर्करोगावरील औषधांसाठी लागणाऱ्या कॅम्प्टोथेसीनकरिता सह्याद्रीत त्याची बेसुमार, बेकायदेशीर तोड झाली. आपण दशमुळासाठी टेटू, शिवण, पाडळ यांची मुळे मागवतो, तेव्हा प्रत्येक मुळामागे एक झाड जाते, याचे स्मरण असावे.

संग्रहाविषयी नियम

वनक्षेत्रातून विनापरवाना वनस्पती घेणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. म्हणून या पदभ्रमणात संग्रह करू नये. छायाचित्र, टिपण आणि गळून पडलेल्या पानाचे निरीक्षण एवढे पुरेसे आहे. द्रव्य हवे असेल तर ते शेतकऱ्याकडील लागवडीतून किंवा परवानाधारक संग्राहकाकडूनच घ्यावे.

सुरक्षितता

व्यायाम अर्धशक्तीच करावा, हा दंडक गडवाटेवरही लागू आहे. कपाळ, नाक व काखेत घाम, मुखशोष आणि तोंडाने श्वास सुरू होणे ही थांबण्याची खूण समजावी. हृद्रोगी, अनियंत्रित रक्तदाब असलेले व गुडघ्यांचा संधिवात असलेले रुग्ण यांना पूर्वपरीक्षणावाचून चढाईचा सल्ला देऊ नये. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. उग्र सुगंधी द्रव्ये, धूर व आरडाओरडा टाळावा. पावसाळ्यात प्रशासन काही स्थळांवर निर्बंध घालते, त्याची आधी चौकशी करावी.

सर्पदंशाबाबत स्पष्टच लिहितो. आपण वैद्य आहोत म्हणून जागेवर उपचार करीत बसू नये. दंशाचा अवयव हलू न देता आधार देऊन बांधावा, आवळपट्टी किंवा छेद करू नये आणि रुग्णास प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्वरित न्यावे. घाटमाथ्यावरील चापड्याच्या विषावर प्रचलित प्रतिसर्पविष बनवलेले नाही, तरीही रुग्णालयातील निरीक्षण अत्यावश्यक आहे.

विनंती

आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने ऋतूगणिक एक पदभ्रमण ठेवावे आणि त्यात वैद्य, फार्मसीचालक व खरेदी पाहणारा कर्मचारी या तिघांनी एकत्र जावे, असे सुचवावेसे वाटते. सोबत गावातील एखाद्या जाणकारास घ्यावे व त्याला त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा. त्या रविवारी आतकरवाडीच्या वाटेवर मोळी घेऊन उतरणाऱ्या एका आजीबाईंना मी विचारले होते, "आजी, हा कुडाच ना?" त्या थांबल्या, शेंगेकडे बोट केले आणि म्हणाल्या, "त्यो काळा. पोटासाठी नगं त्यो, दादा. पांढरा पार पल्याड हाय." माझ्या रुग्णास पुढे पांढऱ्या कुड्याची साल मिळाली आणि त्याला उपशय पडला. त्या दिवसापासून माझ्या चिकित्सालयात कोणतेही पोते चाखल्यावाचून उघडलेले नाही.